दोन बोटांचा फरक

मैत्रिणीने तो व्हिडिओ काढला नसता तर मी आजही खुशीत असते. बेंच प्रेस चालू होती, म्हणजे बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा, ४० किलो, म्हणजे २० चा बार आणि दोन्हीकडे १०-१० च्या प्लेट्स, आणि पाच रेप्स, म्हणजे पाच वेळा खाली-वर, झाल्यावर मी मोठ्या ऐटीत उठून म्हटलं, दाखव बघू. तर ती फोनवरची नजर न काढताच म्हणाली, "अगं, तुझा बार तिरका जातोय." मी म्हटलं काहीतरीच. मग बघितलं. पहिल्या दोन रेप्स ठीक, तिसऱ्याला उजवं टोक जरा आधी वर, चौथ्याला अजून आधी, आणि पाचव्याला उजवा हात कोपरात सरळ होऊन निवांत आणि डावा अर्ध्या वाटेवर थरथरतोय, बिचारा. गंमत म्हणजे वजन उचलताना मला यातलं काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. मला वाटत होतं दोघं मिळून काम करतायत.

तो व्हिडिओ घरी जाऊन मी बहुतेक तीसेक वेळा पाहिला असेल. थांबवून, झूम करून. आणि मग दुसरी गोष्ट दिसली जी पहिलीपेक्षा जास्त लागली. बारवर दोन्ही बाजूंना एक-एक गुळगुळीत रिंग असते, आमच्या बारवर त्या दोन रिंगांमध्ये ८१ सेंटिमीटर अंतर आहे, हात कुठे धरायचा ते चुकू नये म्हणूनच ती खूण. माझ्या डाव्या हाताची करंगळी बरोबर रिंगवर. उजव्या हाताची करंगळी रिंगेच्या दोन बोटं आत. किती महिने असं धरत होते देव जाणे.

आता दोन बोटं म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. पण हा साधा तरफेचा हिशोब आहे, शाळेत केलेला. बारच्या मध्यापासून जो हात जवळ, त्याच्यावर भार जास्त. डावा हात मध्यापासून ३७ सेंटिमीटरवर आणि उजवा ३३ वर धरला तर ४० किलोतले साधारण २१ उजव्याकडे जातात आणि १९ डाव्याकडे. दोन किलोचा फरक. म्हणजे माझ्या शरीराने मला न विचारता, न सांगता, परस्पर वाटण्या करून टाकल्या होत्या, डाव्याला जमत नाही ना, मग उजव्याने थोडं आत सरकून जास्त घ्यायचं. एकत्र कुटुंबात एखादा कर्ता भाऊ गुपचूप दुसऱ्याचा हप्ता भरत असतो तसं. कौतुक वाटावं की राग यावा तेच कळेना.

मग मी काय केलं, तर शहाण्यासारखं वजन कमी करायचं सोडून पकड सरळ केली आणि वजन वाढवलं. ४२.५. संध्याकाळी उशिरा, जिममध्ये फारसं कोणी नाही, मदतीला कोणी उभं नाही, आणि वर दोन्ही बाजूंना प्लेटा घसरू नयेत म्हणून लावतात त्या क्लिपा घट्ट. पहिली रेप गेली. दुसरी छातीवर आली आणि तिथेच राहिली. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही, की छातीवर ४२.५ किलो घेऊन छताकडे बघत पडणं किती एकटं वाटतं. ओरडायची लाज वाटते हो. मरणाची भीती नंतर, लाज आधी. शेवटी बार हळूहळू पोटावरून लोळवत मांड्यांपर्यंत नेला आणि उठून बसले. पोटावर दोन दिवस लाल पट्टा होता.

कोपऱ्यात एक काका होते, साठी ओलांडलेले, रोज येणारे. ते धावत आले पण तोवर मी बसले होते. काही बोलले नाहीत, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "अगं पोरी, एकटी असताना बेंचला क्लिपा लावायच्या नसतात. बार एका बाजूला कलवला की प्लेटा घसरून पडतात, तू मोकळी." मग जरा थांबून, "नाहीतर सरळ ही घे," आणि हातातला डंबेल दाखवला. "नाही जमलं तर बाजूला सोडून द्यायचं. गळ्यावर नाही येत."

मी म्हटलं, "काका, तुम्ही बार कधीच का नाही वापरत?" तर म्हणाले, "हातकड्या आहेत त्या."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. काकांचा उजवा खांदा जुना दुखरा आहे, आणि बार धरला की दोन्ही मनगटं एका सरळ रेषेत, तळवे एकाच दिशेला, हातांमधलं अंतर पक्कं. खांद्याला थोडं इकडेतिकडे व्हायचं असेल तरी सोय नाही. डंबेलमध्ये तळवे एकमेकांकडे वळवता येतात, कोपर अंगाजवळ आणता येतो, उजवा हात एका कोनात आणि डावा दुसऱ्या कोनात असला तरी कोणी विचारत नाही. काका तसंच करतात, तळवे समोरासमोर ठेवून, हळू, आणि त्यांचा खांदा कुरकुर करत नाही. सगळ्यांचे खांदे बारने दुखतात असं नाही, माझे आजही दुखत नाहीत, पण ज्याचा दुखतो त्याला 'फॉर्म सुधार' एवढंच सांगणारे लोक मला हल्ली जरा कमी आवडतात.

तर मी तीन महिने बेंचला बारला हात लावायचा नाही असं ठरवलं.

पहिल्या दिवशी १५-१५ चे डंबेल घेतले. म्हटलं ४० चा बार पाच वेळा जातो, मग हे ३० किलो म्हणजे दहा-बारा वेळा हसत जातील. आधी तर ते वर न्यायचेच वांधे. रॅकवरून उचलायचे, मांड्यांवर उभे ठेवून बसायचं, मग मागे पडताना एकेका गुडघ्याने ढकलून खांद्यापाशी आणायचे, यात माझी अर्धी ताकद गेली. बारला निदान स्टँड असतो, तो आयता हातात मिळतो. आणि मग सुरू केलं तर दोन्ही डंबेल हवेत असे भरकटायला लागले की जणू प्रत्येकाला वेगळ्या गावाला जायचंय. सहाव्या रेपला डावा थांबला. म्हणजे थांबलाच, विषय संपला. उजव्यात अजून तीन-चार आरामात होत्या हे मला स्पष्ट जाणवत होतं, पण डाव्याला त्या देता येत नव्हत्या. मधे दांडाच नव्हता ना!

एवढं वजन कमी का होतं याचं कारण मला बरेच दिवस 'बॅलन्स' एवढंच माहीत होतं, सगळे तेच सांगतात. ते खरं आहेच. २.२ मीटर लांबीचा बार, त्याचं वजन दोन टोकांना, तो सहजासहजी हलत-फिरत नाही, सर्कशीत दोरीवर चालणारा माणूस लांब काठी धरतो ते उगाच नाही. डंबेल आखूड, म्हणून चटकन डुलतो. पण अजून एक गोष्ट आहे आणि ती कळल्यावर मला फार बरं वाटलं. बार ढकलताना आपण फक्त वर ढकलत नाही, नकळत दोन्ही हातांनी बाहेरच्या दिशेनेही ताणत असतो, जणू बार मधून फाडायचाय. बार फाटत नाही, बारवर कोरलेली जाळी, म्हणजे नर्लिंग, खरखरीत असल्यामुळे हात घसरत नाहीत, आणि या बाहेरच्या ताणामुळे कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू, ट्रायसेप्स, जोरात कामाला लागतो आणि छातीचा थोडा भार उचलतो. डंबेलला असं बाहेर ताणून बघा. तो सरळ बाहेर निघून जाईल. त्याला फक्त वर ढकलावं लागतं, डंबेल कोपराच्या बरोबर वर ठेवावा लागतो, आणि मग ट्रायसेप्सला हातभार लावायला जागाच उरत नाही. उलट हात बाहेर पडू नये म्हणून दंडाच्या पुढच्या बायसेप्सला खेचून धरावं लागतं.

नॉर्वेतल्या संशोधकांचा २०११ चा एक अभ्यास आहे, सराव असलेले बारा पुरुष घेतले होते (पुरुषच, अर्थात), आणि एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन मोजलं. डंबेल्सचं एकूण वजन बारपेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरलं. ट्रायसेप्सचं काम डंबेलमध्ये कमी, बायसेप्सचं जास्त, आणि छातीचं जवळपास सारखं. म्हणजे छातीला तेवढंच काम कमी वजनात मिळतं. हे वाचल्यावर मी १५ च्या डंबेलकडे जरा आदराने बघायला लागले. तरी ते सगळं पकडूनसुद्धा माझा हिशोब जुळत नव्हता, १७ टक्के वजा केले तरी ३० किलो सहा वेळात संपायला नको होते. उरलेला फरक डाव्या हाताचा होता. तो कुठल्या अभ्यासात नाही, माझ्या व्हिडिओत आहे.

आता इथपर्यंत वाचून वाटेल की ही बाई डंबेलच्या बाजूची झाली. थांबा जरा.

डंबेल नवशिक्यांसाठी सोपे, असं सगळीकडे सांगतात आणि सुरुवात म्हणून ते बरोबरच आहे. मी आले तेव्हा रिकामा बार डोक्यावर ढकलता येत नव्हता मला, २० किलो म्हणजे २० किलो, त्याला प्लेट नसली म्हणून तो हलका होत नाही. वेटलिफ्टिंगमध्ये बायकांसाठी वेगळा बार असतो, १५ किलोचा, थोडा आखूड आणि पकडायला बारीक, २५ मिलिमीटर, पुरुषांचा २८. ऑलिंपिकमध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग आलंच २००० साली, सिडनीला, तेव्हा जिममध्ये तो बार पोचायला अजून थोडा वेळ लागणार असं मी स्वतःला समजावते. तर मी शोल्डर प्रेस ५-५ च्या डंबेलने सुरू केली. दोन महिन्यांत बारा रेप्स व्हायला लागल्या. आता पुढचं? रॅकवर पुढचा डंबेल साडेसातचा. पाचवरून साडेसात म्हणजे ५० टक्के वाढ! कुठल्या नोकरीत देतात? तिथून दहा म्हणजे परत ३३ टक्के. ज्यांच्या हातात ३० चे डंबेल आहेत त्यांना अडीच किलो म्हणजे आठ टक्के, त्यांना ही अडचण दिसतच नाही. जो जितका कमी ताकदीचा त्याला पायरी तितकी उंच, असला उलटा जिना आहे तो. बारला निदान सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट्स लावून ४० चे साडेबेचाळीस होतात, सहा टक्के, आणि अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेट्स मिळाल्या तर एकेक किलोनेसुद्धा सरकता येतं. महिनोन्महिने थोडं थोडं वाढवत राहणं हे ताकदीचं खरं गणित, आणि त्या गणितात बारला तोड नाही.

मी काय केलं तर पायाला बांधायचे ते वजनाचे पट्टे असतात ना, अर्ध्या किलोचे, ते दोन्ही मनगटांना बांधले आणि वर साडेसातचे न घेता पाचचेच घेतले. साडेपाच झाले. मग एक-एक किलोचे पट्टे. सहा. दिसायला ते भयंकर दिसतं, कुठल्यातरी अपघातातून वाचल्यासारखं, पण त्या जोरावर मी पाचवरून साडेसातला पोचले आणि कोणाच्या बापाचं काही गेलं नाही.

आणि पाय? पायांच्या बाबतीत मला वाद घालायचाच नाही. डंबेलने डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन हातात धरून सरळ उभं राहणं, करून बघा, २५-२५ चे घेऊन मी केली, मांड्यांना कळलंसुद्धा नाही की व्यायाम चाललाय आणि बोटं उघडायला लागली. पाठीत आणि पायांत जी ताकद असते ती मुठीच्या कितीतरी पुढे असते. त्यात डंबेल जमिनीवर अगदी खाली पडलेला असतो, तर बारला मोठ्या प्लेट्स लावल्या की, त्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर, बार आपोआप नडगीपर्यंत वर उभा राहतो, वाकायला बरं पडतं. स्क्वाटचंही तेच. डंबेल छातीशी धरून बसा-उठायचा गॉब्लेट स्क्वाट शिकायला सुंदर आहे, माझी पाठ त्यानेच सरळ राहायला लागली, पण वीस-पंचवीस किलोनंतर पाय म्हणतात आण अजून आणि कोपर म्हणतात बास. बार खांद्यावर टाकला की हात मोकळे. फक्त एका पायावरचे प्रकार, मागचा पाय बाकावर ठेवून करायचा तो स्प्लिट स्क्वाट वगैरे, तिथे मी डंबेलच घेते, कारण बार पाठीवर घेऊन एका पायावर डुगडुगताना माझा जीव खालीवर होतो.

मधल्या काळात रिकामटेकडेपणाने जुना इतिहास वाचत बसले होते. डंबेल हा शब्द म्हणे घंटेवरून आला. चर्चमधली मोठी घंटा दोरीने ओढणाऱ्यांचे दंड चांगले होतात, म्हणून इंग्लंडात लोकांनी घरात दोरीचं तसंच सामान टांगून ओढायला सुरुवात केली, फक्त घंटा नाही, आवाज नाही. मुकी घंटा. सतराशे दहाच्या आसपास तिथल्या लिखाणात त्याचा उल्लेख सापडतो. पुढे ते नाव हातातल्या वजनाला चिकटलं. बाकी हातात वजन घेऊन व्यायाम करणं त्याहून कितीतरी जुनं, सिसिलीत चौथ्या शतकातल्या एका रोमन वाड्याच्या फरशीवर मोझॅकमध्ये पोरी चक्क हातात वजनं घेऊन व्यायाम करताना काढल्यात. मी तो फोटो मैत्रिणीला पाठवला, तिचा रिप्लाय, 'यांचे हात सरळ आहेत बघ.'

पण मला खरी मजा वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याच्या दोन वेगळ्या स्पर्धा होत्या, एक दोन हातांची आणि एक, एका हाताची. दोन हातांत डेन्मार्कच्या विगो येन्सनने १११.५ किलो उचलले, एका हातात ब्रिटनच्या लॉन्स्टन एलियटने ७१. १९०४ ला तर डंबेलची स्वतंत्र स्पर्धासुद्धा होती. १९२४ पर्यंत एका हाताने उचलायचे प्रकार टिकले, १९२८ पासून फक्त दोन हात. म्हणजे एके काळी एका हाताला स्वतःचं वेगळं पदक होतं! मग दोघांची बेरीजच तेवढी मोजायची असं ठरलं, आणि तसं ठरल्यावर आत कोण किती देतंय हे विचारायचं कारणच राहिलं नाही. निदान माझ्या बाबतीत नव्हतं राहिलं.

ते तीन महिने कसे गेले याचं फार वर्णन करण्यासारखं काही नाही, कंटाळवाणे गेले. नियम एकच केला होता, प्रत्येक सेट डाव्या हाताने थांबवायचा. डाव्याच्या आठ झाल्या की उजव्याच्याही आठच, त्याला कितीही खाज असली तरी. एका हाताने रो करताना, म्हणजे वाकून डंबेल कमरेकडे ओढताना, आधी डावा, मग उजवा. हे सांगायला सोपं आहे, प्रत्यक्षात उजव्या हाताला रिकामं ठेवणं मला मनस्वी जड गेलं, कारण आकडा कमी दिसतो. वहीत '१५, १५, आठ रेप्स' असं आठवड्यामागून आठवडे लिहायचं आणि शेजारी कोणीतरी बारवर प्लेटा चढवतंय. ताकदीच्या नादात आकड्याची चटक कधी लागते कळत नाही, आणि खरं सांगू, बारवर मी जो काही जीव लावला होता त्यातला निम्मा त्या ४० या आकड्यावर होता.

तीन महिन्यांनी डावा १७.५ चे आठ करायला लागला. उजवा त्याच वजनाला दहा करेल, म्हणजे फरक गेला नाही, कमी झाला. अगदी जाईल असं मला वाटतही नाही, आयुष्यभर बॅग, दार, उंच कपाटावरचा डबा, सगळं उजव्याने केलंय.

मग परत बार. पहिल्याच दिवशी ४० घेतले, क्लिपांशिवाय, काका पाठीमागे उभे. हात लावला आणि आधी जाणवलं ते त्याचं थंड, खरखरीत लोखंड, तीन महिने रबरी डंबेल वापरून विसरायलाच झालं होतं, तळव्यातल्या जुन्या घट्ट्यांमध्ये नर्लिंग बरोबर बसतं ते. दोन्ही करंगळ्या रिंगांवर. खाली आणला तेव्हा बार इतका स्थिर वाटला की हसूच आलं, सायकल शिकून झाल्यावर कोणी परत बाजूची चाकं लावून दिल्यासारखं. सात रेप्स झाल्या. सहाव्यापर्यंत सरळ, सातव्याला उजवं टोक परत किंचित आधी वर. मैत्रीण म्हणाली, "दिसत नाहीये गं फारसं." मला दिसलं.

हल्ली सोमवारी बार असतो आणि गुरुवारी डंबेल. बारच्या दिवशी आकडा वाढवायचा, डंबेलच्या दिवशी डाव्याची चौकशी करायची. कोणी विचारलं दोन्हीतलं चांगलं कुठलं तर मी उलट विचारते की तुझा व्हिडिओ काढलाय का कधी, पाठीमागून? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतेय.

गेल्या आठवड्यात ४५ लावले होते. आडवी झाले, डावीकडची रिंग बघितली, मग उजवीकडची, मग परत डावीकडची, मग करंगळ्या थोड्या सरकवल्या, परत उजवीकडे बघितलं. मागून काकांचा आवाज आला, "अगं, बेंच मारतेस की रस्ता क्रॉस करतेस?"